जित्या इतिहासाच्या गावी

संग्रहालय म्हटले की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे दोन गोष्टी उभ्या राहतात : काचेचे कपाट आणि 'वस्तूंना हात लावू नये' ही पाटी. म्हणून व्हर्जिनियात मुलीकडे गेलो असताना जावईबापूंनी एका शनिवारी विल्यम्सबर्गला जाण्याचा बेत मांडला, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी पहिली चौकशी केली ती तेथे बसायला बाके आहेत की नाहीत याची. बाके होती, बसायला सवड मात्र मिळाली नाही.

गावाच्या मधून सुमारे मैलभर लांबीचा सरळ रस्ता जातो. एका टोकाला जुने विधिमंडळ, दुसऱ्या टोकाला कॉलेज. मोटारींना मज्जाव. समोरून घोडागाडी येते, तीन टोकांची टोपी घातलेला गृहस्थ कमरेत वाकून अभिवादन करतो, आणि लोहारशाळेतून ऐरणीचा आवाज ऐकू येतो. हा लोहार नाटकातला नव्हे. तो खरोखरच खिळे घडवतो आणि ते त्याच गावातल्या घरांना लागतात. पिंपे बांधणारे, चाके करणारे, केसांचे टोप बनवणारे, सगळे वर्षानुवर्षे उमेदवारी करून तो तो धंदा शिकलेले. विटांच्या कारखान्यात तर मुलांना अनवाणी चिखल तुडवायलाच बोलावतात. आमचा सात वर्षांचा नातू तेथून गुडघ्यापर्यंत माखून बाहेर आला. त्याच्या आईने कपाळाला हात लावला. मी मनातल्या मनात त्याचा हेवा केला.

हे गाव १६९९ पासून १७८० पर्यंत व्हर्जिनियाची राजधानी होते. जवळच यॉर्कटाउन आहे. तेथे १७८१ साली शरणागती पत्करलेला कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी आपल्याकडे गव्हर्नर जनरल म्हणून येऊन बसला, हे जाता जाता सांगितले. राजधानी रिचमंडला गेली आणि विल्यम्सबर्गला झोप लागली. तिला जागे केले गुडविन नावाच्या एका पाद्रीबुवांनी. जुनी घरे विकत घेऊन गाव पूर्वीसारखे उभे करायचे, हा त्यांचा ध्यास. पैसा रॉकफेलर यांचा. १९२६ साली पहिल्या घराच्या खरेदीला संमती देणारी तार रॉकफेलरनी 'डेव्हिडचे वडील' अशा सहीने पाठवली! पाद्रीबुवा घरामागून घर घेत सुटले आहेत, पण त्यांच्या पाठीशी कोण आहे, हे गावाला १९२८ पर्यंत कळले नाही. पुढे ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात एक तांब्याचा ठसा सापडला. त्यावर या गावातल्या मुख्य इमारतींची चित्रे कोरलेली होती. त्यांच्या आधारे, नाहीशा झालेल्या वास्तू पायापासून पुन्हा बांधल्या.

एवढी कसोशी दगडविटांच्या बाबतीत झाली. माणसांच्या बाबतीत झाली नाही. १७७५ च्या सुमारास या गावची निम्म्याहून अधिक वस्ती काळ्या लोकांची होती आणि त्यांतले बहुतेक सारे गुलाम. परंतु पहिली पन्नास वर्षे येथे आलेल्या प्रवाशाला दिसत ते गव्हर्नर, त्यांचे झुंबर आणि त्यांची बाग. चुलीपुढे कोण खपत होते, हे पुढे येऊन सांगणारे कोणी नव्हते. १९७९ पासून काळे कलावंत ती बाजू मांडू लागले. १९९४ च्या ऑक्टोबरात भर रस्त्यात गुलामांच्या लिलावाचा प्रसंग करून दाखवला, तेव्हा मोठा गदारोळ झाला. आमच्या पूर्वजांच्या यातनांचा तमाशा करता काय, असा निषेध करणाऱ्यांचा सवाल होता, आणि तो चुकीचा होता असे मला वाटत नाही. तथापि निषेधाला आलेल्या एका पुढाऱ्याने तो प्रसंग प्रत्यक्ष पाहिल्यावर आपला विरोध मागे घेतला, हेही नमूद केले पाहिजे.

अलीकडे, २०२३ च्या फेब्रुवारीत, एक लहानसे लाकडी घर कॉलेजच्या आवारातून उचलून चाकांवरून या वस्तीत आणले. लाकडाच्या वलयांवरून त्याचे वय ठरले आणि ती १७६० साली निघालेली काळ्या मुलांची शाळा असल्याची खात्री पटली. शिकवायला अ‍ॅन वेजर नावाची एक बाई होती. मुलांना वाचायला शिकवायचे, ते बायबल कळावे आणि धन्याचे ऐकावे म्हणून. शाळेच्या तीन याद्या शिल्लक आहेत. त्यांत मुलाच्या नावाबरोबर बापाचे नाव नाही, मालकाचे आहे.

हे ऐकून आमची नऊ वर्षांची नात गप्प झाली. बाहेर आल्यावर तिने विचारले, "आजोबा, तेव्हा आपण असतो तर इथे कोण असतो?"

मी म्हटले, "अगं, आपण इथे नव्हतोच. आपण तिकडे पुण्याला, थोरल्या माधवरावांच्या राज्यात! इकडे फक्त आपलं कापड आलं होतं." आणि ते खोटे नव्हते. शिंप्याच्या दुकानात मी नुकताच एक पुरुषी सैल झगा पाहिला होता. त्याचे नाव 'बनियन'! शब्द आपल्या वाण्यापासून निघालेला. हिंदुस्थानी छिटाचे कापड तर त्या काळी तेथे मोठ्या हौसेने वापरत. मी जरा फुशारकीनेच हे सांगितले.

वाटेत छापखाना लागला. हाताच्या यंत्रावर कागद काढणारा कारागीर म्हणाला, की 'व्हर्जिनिया गॅझेट' पत्र याच रस्त्यावर छापत आणि त्यात पळून गेलेल्या गुलामांच्या व चाकरांच्या जाहिराती नेहमी येत. त्या पत्राचे जुने अंक आता घरबसल्या वाचता येतात. रात्री सगळे निजल्यावर मी ते उघडले.

१७६८ च्या जुलैतली एक जाहिरात. पळून गेलेला इसम 'ईस्ट इंडियाचा इंडियन', नाव टॉमस ग्रीनिच. चण बेताची, केस स्वतःचे, लांब आणि काळे, दात पांढरेशुभ्र. ज्या उन्हाळ्यात धोडपला माधवरावांनी राघोबादादांना नमवले, त्याच उन्हाळ्यात हा माणूस व्हर्जिनियाच्या रानातून वाट काढत होता. दुसरी जाहिरात १७७६ च्या जुलैतली, म्हणजे अमेरिकेने स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला त्याच महिन्यातली. जॉन न्यूटन, वय सुमारे वीस, जन्माने आशियातला इंडियन. व्हर्जिनियात येऊन बारा महिने झालेले. त्याआधी, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, दहा वर्षे इंग्लंडात एका बड्या घरी चाकरीला. कंपनीचे साहेब मायदेशी परतताना सामानाबरोबर पोरेही नेत. त्यांतली काही पुढे समुद्रापलीकडे पोचली. कोणी मुदतबंद चाकर म्हणून, कोणी गुलाम म्हणून. कापड एकटे आले नव्हते.

सकाळी न्याहारीच्या वेळी मी नातीला सारे सांगितले, आणि आदल्या दिवशीचे माझे उत्तर चुकले होते, हेही कबूल केले. तिने बोटांवर हिशेब केला.

"विसातून एक, मग दहा... नऊ. आजोबा, त्याला घरातून नेलं तेव्हा तो माझ्याएवढाच असेल."

"असेल."

"आणि जॉन हे काही त्याच्या आईनं ठेवलेलं नाव नसणार."

"नसणार," मी म्हटले.

तिने पुढच्या सुट्टीत पुन्हा जायचे आणि छापखान्यातल्या त्या माणसाला या दोन्ही जाहिराती दाखवायच्या, असे परस्पर ठरवून टाकले आहे. त्यांची नक्कल तिने वहीत उतरवून घेतली आहे. नातवाला पुन्हा चिखल तुडवायचा आहे. सौभाग्यवती या खेपेस घडीची खुर्ची बरोबर नेणार आहेत.