उरलेल्या अन्नाचे गृहशास्त्र

'अन्न हे पूर्णब्रह्म' असे म्हणून पानात काही टाकू नये, हा संस्कार मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या रुजलेला आहे. तरीही उरलेल्या अन्नाचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक स्वयंपाकघरात रोज नव्याने उभा राहतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे ६० टक्के घराघरांतून गेले. भारतीय घरांतील नासाडीचा अंदाज माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो असा आहे. म्हणजे हा प्रश्न केवळ लग्नकार्यातील पंगतींचा किंवा हॉटेलांचा नाही, तो आपल्या ओट्यावरचाही आहे.

पोळी आणि भाकरी

उरलेल्या पोळीचा कुस्करा हा मराठी न्याहारीचा जुना आधार. कुठे त्याला फोडणीची पोळी म्हणतात, तर कुठे मनोहरा. पोळ्या हाताने कुस्कराव्यात. मिक्सरमधून त्यांचे पीठ होऊ देऊ नये. कांदा, मिरची, कढीपत्ता आणि शेंगदाणे यांची फोडणी करून त्यात कुस्करा परतावा, पाण्याचा किंवा ताकाचा हलका हबका मारावा आणि झाकण ठेवून एक वाफ आणावी. हाच कुस्करा गूळ आणि तूप घालून वळला की मुलांच्या डब्यासाठी लाडू तयार होतात. शिळी भाकरी ताकात कुस्करून, वरून लसणीची फोडणी दिली की उन्हाळ्यातील पोटभर जेवण होते.

पोळी वातड होते ती केवळ पाणी उडून गेल्यामुळे नव्हे. शिजलेल्या पिठातील स्टार्चचे कण थंड होताना पुन्हा घट्ट बांधले जातात आणि फ्रिजच्या तापमानाला ही क्रिया अधिक वेगाने घडते. म्हणूनच दुसऱ्या दिवशी खायच्या पोळ्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवणे बरे; चार-आठ दिवस टिकवायच्या असतील तर त्या बर्फाच्या कप्प्यात ठेवाव्यात. थंड झालेल्या स्टार्चचा काही भाग सावकाश पचतो, हे खरे आहे. मात्र तेवढ्यावरून शिळी पोळी हे मधुमेहावरील औषध ठरत नाही.

भात : चविष्ट, पण जपून

फोडणीच्या भाताला शिळाच भात लागतो. ताज्या भाताची शिते ओलसर आणि चिकट असतात. थंड झालेली शिते सुटी होतात आणि परतताना मोडत नाहीत. याशिवाय उरलेला भात मळून, त्यात ज्वारीचे किंवा बेसनाचे पीठ, तीळ आणि कोथिंबीर घालून थालीपिठे लावता येतात. उन्हाळ्यात जिरे आणि मीठ घालून त्याचे सांडगेही घालतात. बंगालमधील पांता भात आणि ओडिशातील पखाळ हे पाण्यात भिजवलेल्या भाताचे प्रकारही याच काटकसरीतून आलेले आहेत.

मात्र उरलेल्या अन्नात सर्वाधिक सावधगिरी भाताबाबतच बाळगावी लागते. बॅसिलस सिरियस या जीवाणूचे बीजाणू तांदळात असतात आणि ते भात शिजवतानाही मरत नाहीत. शिजलेला भात तासन् तास उघड्यावर राहिला की ते वाढून विष तयार करतात. उलटी घडवून आणणारे हे विष पुन्हा कितीही गरम केले तरी नष्ट होत नाही. त्यामुळे 'उकळून घेतला की झाले' ही समजूत येथे कामाची नाही. जेवणे आटोपताच उरलेला भात पसरट ताटात काढून निववावा आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. तो दुसऱ्या दिवशीच संपवावा.

वरण, आमटी आणि भाज्या

उरलेल्या आमटीत पाणी वाढवून ती उकळावी आणि कणकेच्या लाटलेल्या पोळीच्या शंकरपाळ्यासारख्या वड्या त्यात सोडाव्यात. हीच वरणफळे किंवा चकोल्या. घट्ट वरणात कणीक मळून केलेल्या पुऱ्या प्रवासात बरोबर नेण्याजोग्या होतात. कोरड्या भाज्या पराठ्याच्या सारणात किंवा थालीपिठात सहज मिसळतात. साबुदाण्याची खिचडी उरली तर बटाटा आणि दाण्याचे कूट घालून तिचे वडे होतात. गोव्यात तर आदल्या दिवशीची आमटी आटवून दाट करतात आणि 'कालची कडी' म्हणून सकाळी पावाबरोबर आवडीने खातात. पुरणाची डाळ शिजवल्यावर निथळलेल्या पाण्याची, म्हणजे कटाची आमटी हे तर मराठी काटकसरीचे सर्वांत रुचकर उदाहरण. आज ती सणाच्या पानातील मानाचा पदार्थ आहे.

साली, देठ आणि बिया

काटकसर अन्न उरल्यावर सुरू होत नाही, ती भाजी चिरतानाच सुरू होते. दोडक्याच्या शिरा थोड्या तेलावर कुरकुरीत परतून तीळ, सुके खोबरे आणि हिरव्या मिरचीबरोबर वाटल्या की उत्तम चटणी होते. दुधीच्या सालीही अशाच उपयोगी पडतात. कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या वाटणात, फ्लॉवरचे देठ आमटीत आणि मुळ्याचा पाला पीठ पेरून केलेल्या भाजीत खपतो. फणसाच्या आठळ्या उकडून भाजीत घालतात. कलिंगडाच्या सालीच्या आतील पांढरा भाग किसून थालीपिठात घालता येतो. लोणी कढवल्यावर उरलेली बेरी साखरेबरोबर किंवा कणकेत मळून संपवावी. तापवताना नासलेल्या दुधाला वाईट वास किंवा कडवटपणा नसेल तरच ते साखर घालून आटवावे.

काही ठाम नियम

पहिला नियम तापमानाचा. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जीवाणू झपाट्याने वाढतात. शिजलेले अन्न या पट्ट्यात कमीत कमी वेळ राहावे. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात तर दोन तासांची मुदतही जास्त ठरू शकते.

दुसरा नियम, लागेल तेवढाच भाग बाहेर काढून गरम करावा आणि तो पूर्णपणे, वाफा येईपर्यंत तापवावा. एकदा गरम केलेले अन्न पुन्हा फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा गरम करू नये.

तिसरा नियम, पावावर किंवा भाकरीवर बुरशी दिसली तर तेवढाच भाग कापून उरलेला खाऊ नये. बुरशीचे तंतू न दिसणाऱ्या भागातही पसरलेले असतात.

चौथा नियम तळणीच्या तेलाचा. वारंवार तापवलेल्या तेलात अपायकारक घटक साठत जातात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने व्यावसायिकांसाठी १ जुलै २०१८ पासून अशा तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांवर २५ टक्क्यांची मर्यादा घातली. घरी ते मोजता येत नाही. म्हणून तळणीसाठी तेल बेताचे घ्यावे, उरलेले गाळून फोडणीत लवकर संपवावे आणि ते काळे, दाट किंवा फेसाळ झाले की टाकून द्यावे.

शिळे कोणाच्या पानात?

या विषयाची एक बाजू पाककृतींच्या पुस्तकांत सहसा येत नाही. अनेक घरांत ताजे अन्न इतरांना आणि शिळे गृहिणीला, अशी वाटणी कोणी न ठरवताच होऊन बसलेली असते. सर्वांत शेवटी जेवायला बसणारी बाई कालची भाजी आणि परवाची आमटी 'टाकायची कशाला' म्हणून संपवते. ही काटकसर नव्हे. घराच्या चुकलेल्या अंदाजाचा भार एकाच माणसाच्या पोटावर टाकणे आहे. घरकामाला येणाऱ्या बाईंना उरलेले देतानाही हीच कसोटी लावावी. जे आपण स्वतः आज खाऊ, तेच द्यावे. जे खाण्याजोगे राहिले नसेल ते कोणालाही न देता ओल्या कचऱ्यात, शक्य तर खताच्या कुंडीत जावे.

यावर खरा उपाय मोजमापाचाच आहे. एक वाटी तांदळाचा साधारण तीन वाट्या भात होतो, हे ध्यानात ठेवावे. कोण घरी जेवणार आणि कोण बाहेर, हे सकाळीच विचारावे. आठवड्यातून एक संध्याकाळ नवी भाजी न करता फ्रिजमधील डबे रिकामे करण्यासाठी राखावी आणि त्या दिवशीचे जेवण घरातील सर्वांनी एकत्र, सारखेच वाटून घ्यावे.