नागपूरकरांचा समुद्र

नागपूरला समुद्र नाही, हे शाळकरी पोरही सांगेल. परंतु १७५१ पासून १८०३ पर्यंत, म्हणजे बावन्न वर्षे, नागपूरच्या गादीला समुद्र होता. पहिल्या रघूजीराजांनी बंगालच्या अलिवर्दीखानाशी १७५१ साली तह केला. त्यात बंगालच्या चौथाईपोटी सालीना १२ लक्ष रुपये ठरले आणि सुवर्णरेखा नदीपासून चिल्का सरोवरापर्यंतचा ओडिशाचा किनारा भोसल्यांच्या हाती आला. तो किनारा कसा गेला, हे जेथे उभे राहून समजते, त्या जागेविषयी येथे लिहावयाचे आहे.

जगन्नाथाच्या दर्शनास जाणारे नागपूरकर पुष्कळ. पुरीस समुद्रस्नान करावे, महाप्रसाद घ्यावा आणि परतीची गाडी धरावी, असा बहुतेकांचा क्रम. त्यांतून एक दिवस काढून पुरीहून पन्नासएक किलोमीटरवर असलेल्या सातपाड्यास जावे. तेथे होडी मिळते. एका बाजूस चिल्क्याचे निमखारे पाणी, दुसऱ्या बाजूस बंगालचा उपसागर, आणि मध्ये वाळूचा एक लांबलचक चिंचोळा पट्टा. होडी थोडी आत गेली, की इरावती डॉल्फिन दिसू लागतात. यांना चोच नसते; बोथट डोके क्षणभर वर येते आणि पुन्हा पाण्यात जाते. साऱ्या सरोवरात ते दीडशेच्या आसपासच आहेत, तेव्हा नावाड्यास यंत्र बंद करावयास सांगून स्वस्थ बसावे. आणखी आत नलबन हे बेट आहे. नल म्हणजे बोरू. त्याचे हे बन पावसाळ्यात पाण्याखाली जाते आणि हिवाळ्यात उघडे पडते. त्या वेळी तेथे उत्तरेकडून आलेली पट्टकादंब हंस, तलवार बदके, रोहित अशा पक्ष्यांची एवढी गर्दी होते, की लांबून पाहणाऱ्यास बेटच हलते आहे असे वाटावे. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत १९८१ साली भारतातून ज्या पहिल्या जागा गेल्या, त्यांत चिल्का आहे.

आता त्या वाळूच्या पट्ट्याकडे पुन्हा पाहावे. उत्तरेस बंगाल कंपनीचा, दक्षिणेस गंजामपासून मद्रासेपर्यंतचा मुलूख कंपनीचा, आणि मध्ये हा मराठ्यांचा किनारा. १७८१ साली कर्नल पीअर्सची पलटण बंगालमधून मद्रासेस निघाली, ती भोसल्यांच्या संमतीने याच मुलखातून गेली. वाट आपल्या हाती आहे, याची किंमत नागपूरच्या दरबारास कळत होती. पण ती पैशांत. ती वाट राखण्यासाठी काय करावे लागेल, हे कळलेले दिसत नाही.

१८०३ च्या सप्टेंबरात लेफ्टनंट कर्नल हार्कोर्ट गंजामहून निघाला. दिवस पावसाचे, डावीकडे भरलेले सरोवर, उजवीकडे समुद्र, आणि फौज या चिंचोळ्या वाळूवरून चाललेली. माणिकपाटण्यास तर मध्ये पाणी. ते होड्यांनी ओलांडल्यावाचून पुढे जाता येत नाही. (समुद्राचे मुख त्या वेळी आजच्याच जागी होते असे मात्र समजू नये. ते सरकत असते. गाळाने सरोवर कोंडले म्हणून २००० साली नवे मुख खणावे लागले.) मूठभर तोफा आणि चार सशस्त्र नावा असत्या, तर येथे फौज अडून पडती. प्रत्यक्षात अडथळा म्हणण्याजोगा झालाच नाही. १८ सप्टेंबरला पुरी इंग्रजांकडे गेली. असईची लढाई २३ सप्टेंबरची! दुसरे रघूजीराजे मुख्य फौजेनिशी शिंद्यांबरोबर तिकडे असताना, त्या लढाईच्या पाच दिवस आधीच नागपूरचे जगन्नाथक्षेत्र गेलेले होते. १४ ऑक्टोबरला कटकचा बाराबाटी किल्ला पडला. मग अडगाव, गाविलगड, आणि १७ डिसेंबरचा देवगावचा तह. त्यात कटकचा सारा मुलूख लिहून दिला गेला.

मालूदचा फत्ते महंमद इंग्रजांना वाट दाखविता झाला आणि त्याला मालूद बक्षीस मिळाले, ही गोष्ट खरी. तिच्यावर बोट ठेवून फितुरीचे नाव घेणे आपल्याला सोपे जाते. आम्हांस ते पटत नाही. ज्या किनाऱ्यावर बावन्न वर्षे राज्य केले, तेथे नागपूरकरांनी दर्यावर उतरण्याजोगे आरमार उभे केले नाही. आंग्र्यांची उदाहरणे दूर कोकणात होती हे मान्य. पण बालेश्वरचे बंदर तर आपल्याच हाती होते. किनारा हा वसुलीचा मुलूख समजला गेला. मीठ, यात्रेकरूंचा कर, जमीनधारा. असा मुलूख एका स्थानिक माणसाच्या वाटाड्येपणाने जातो, तेव्हा दोष त्या माणसापाशी सुरू होत नाही.

तेथल्या प्रजेला तरी आपले राज्य राहावेसे का वाटावे, हाही प्रश्न आहेच. मराठ्यांच्या काळात जगन्नाथाच्या पूजेअर्चेची व्यवस्था चालली, आणि कोणार्कचा अरुणस्तंभ पुरीच्या सिंहद्वारापुढे आला तोही याच राजवटीत. हे सांगताना आपला ऊर भरून येतो. पण त्याच पूर्व मुलखात आपल्या 'बारगीर' शब्दाचे 'बर्गी' झाले, आणि बंगालात आया लेकरांना बर्गीचे भय घालून निजवू लागल्या. दोन्ही गोष्टी एकाच इतिहासातल्या आहेत. एक सांगून दुसरी गिळणे बरे नव्हे.

मुक्काम करावयाचा असेल, तर सरोवराच्या वायव्य काठी मंगलाजोडी गाव आहे. येथली मंडळी पूर्वी पक्ष्यांची शिकार करून पोट भरीत. आता तीच माणसे पक्ष्यांची राखण करतात आणि पाहुण्यांस होडीतून दलदलीत फिरवितात. राहण्याची साधी सोय गावातच होते. कोणता पक्षी कोठे बसतो, कोणत्या वेळी उडतो, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? डिसेंबर-जानेवारीत जावे, रात्र तेथेच काढावी आणि उजाडण्यापूर्वी होडीत बसावे. माणिकपाटणा पाहावयाचे असेल, तर त्यासाठी सातपाड्याकडून निराळा दिवस ठेवावा लागेल.