पिंग टॉम पार्क

शिकागोच्या चायनाटाउनमध्ये जेवायला गेलात, तर नदीकाठच्या पिंग टॉम पार्कमध्ये जरूर डोकवा. पॅगोडासारखा मंडप आणि शेजारी वर उचलला जाणारा रेल्वेपूल, असं मजेशीर दृश्य आहे.

१८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेचं दार बंद झालं. १९४३ मध्ये ते किलकिलं झालं, तेही वर्षाला १०५ माणसांपुरतं! पुढे १९६२ मध्ये एक्स्प्रेसवेसाठी वस्तीजवळची हार्डिन स्क्वेअर ही बागही गेली. पिंग टॉम या व्यावसायिकांनी नव्या बागेसाठी चिकाटीने पाठपुरावा केला. १९९५ मध्ये ते वारले; जुन्या रेल्वे यार्डाच्या जागेवर बाग झाली १९९९ मध्ये.

आपल्याला इथलं नागरिकत्व मिळू लागलं १९४६ मध्ये, म्हणजे चिन्यांनंतर तीनच वर्षांनी. तेव्हा ही बाग थोडी आपल्याही इतिहासाची आहे.