पत्त्याच्या वहीतून पत्ता कुठे गेला?

आजचा विषय अगदी घरगुती आहे. फोनमधली नावं आणि नंबर कॉम्प्युटरवर उतरवून कसे ठेवायचे आणि कागदावर कसे छापायचे. तुम्ही म्हणाल, यात इतिहास कसला? आहे, आणि तो समजला की छापायचं कशासाठी हेही आपोआप समजतं.

आपल्या देशातल्या सगळ्यात जुन्या पत्त्याच्या वह्या तीर्थक्षेत्री सापडतात. हरिद्वारचे पंडे घ्या किंवा नाशिक-त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय घ्या. तुमचं मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की ते वही काढतात आणि तुमचे पणजोबा कोणासोबत आले होते ते वाचून दाखवतात. या वह्यांची रचना नीट बघा. नोंद शोधायची ती गावावरून आणि कुळावरून. येणारा प्रत्येक माणूस मधल्या काळातले जन्म-मृत्यू सांगतो, म्हणजे यादी ताजी होते. वही जीर्ण झाली की नवीन वहीत उतरवून घेतात. म्हणजेच बॅकअप! गेल्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेने हरिद्वारच्या वह्या मायक्रोफिल्मवर उतरवल्या. तो बॅकअपचा बॅकअप.

टेलिफोनच्या यादीचा जन्म 21 फेब्रुवारी 1878 चा, अमेरिकेतल्या न्यू हेवन गावातला. एकच पान, त्यावर 50 नावं, आणि नंबर एकही नाही. नंबर लागतच नव्हते, ऑपरेटरला नाव सांगायचं की तो जोडून देई. आपल्याकडे कलकत्ता, मुंबई आणि मद्रासला 1882 साली एक्स्चेंज सुरू झाली. कलकत्त्याच्या एक्स्चेंजचे पहिले ग्राहक होते 93. पुढे जाडजूड डिरेक्टरी आली. त्या डिरेक्टरीचा एक उपयोग आपण विसरलो आहोत. घरची डायरी हरवली तरी नाव आणि पत्ता माहीत असला की नंबर पुन्हा सापडायचा. समाजाचा मिळून एक सामायिक बॅकअप होता म्हणा ना.

31 जुलै 1995 ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांना मोबाइलवरून फोन केला आणि भारतात मोबाइल आला. घरोघर पोचणारी मोबाइल नंबरांची डिरेक्टरी मात्र आली नाही. तेव्हापासून ज्याची यादी त्याच्याच खिशात. आणि ती खिशातली यादी होती तरी केवढी? सिमकार्डावर साधारण अडीचशेच्या आत नोंदी, नावाला दहा-पंधरा अक्षरं, एका नोंदीला एकच नंबर. म्हणून ‘सुहास घर’ आणि ‘सुहास ऑफिस’ असे दोन सुहास तयार झाले. मराठी नावं रोमन लिपीत गेली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे घराचा पत्ता लिहायला जागाच उरली नाही. पत्त्याच्या वहीतून पत्ता गेला तो इथे. पुढे फोनमध्ये पत्त्याचा रकाना परत आला, पण भरायची सवय परत आली नाही.

बॅकअपची सवय लावण्याचा चांगला प्रयत्न 1996 च्या पाम पायलटने केला. यंत्र पाळण्यात ठेवायचं, एक बटण दाबायचं, की सगळी नावं कॉम्प्युटरवर. त्याच सुमाराला ॲपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स यांच्या वर्सिट या गटाने व्हीकार्ड मांडलं. फोनमधून यादी काढली की जी व्हीसीएफ फाइल मिळते, ती हीच. ती साधी मजकुराची फाइल आहे, कुठल्याही एडिटरमध्ये उघडते. पण त्याच्या 2.1 या आवृत्तीत मराठी नाव संकेतात लिहिलं जातं. देवनागरीच्या एका अक्षराला तीन बाइट, आणि दर बाइटला तीन खुणा. म्हणजे ‘आई’ हा दोन अक्षरी शब्द त्या फाइलमध्ये अठरा खुणांचा होतो! फाइल उघडल्यावर नावाच्या जागी बरोबरच्या चिन्हांची रांग दिसली तर घाबरू नका. नाव शाबूत आहे, फक्त आपल्याला वाचता येत नाही.

आता 2009 सालचा ऑक्टोबर. अमेरिकेत साइडकिक नावाचा फोन लोकप्रिय होता. त्यातली नावं-नंबर मायक्रोसॉफ्टच्या ताब्यातल्या सर्व्हरवर राहत. तो सर्व्हर बिघडला आणि ग्राहकांना सांगण्यात आलं, फोनची बॅटरी काढू नका, कारण फोनमध्ये आहे तेवढंच आता शिल्लक आहे. पुढे बहुतेक माहिती परत मिळाली, पण धडा राहिला. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंकमध्ये इथे पुसलेलं नाव तिथेही पुसलं जातं. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये मागचे बदल उलटवता येतात, पण 30 दिवसांच्या आतले. एकतिसाव्या दिवशी लक्षात आलं तर काय करणार?

म्हणून वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत म्हणा, कॉम्प्युटरवर ही यादी उघडा आणि निर्यात करा. व्हीकार्ड फाइल पेनड्राइव्हवर ठेवा, ती फोनमध्ये परत घालायला. सीएसव्ही फाइल घ्या, ती छापायला. सीएसव्ही थेट एक्सेलमध्ये उघडू नका. एक्सेल फोन नंबरला संख्या समजतं. सुरुवातीचा शून्य गळतो, आणि 91 धरून बारा आकड्यांचा नंबर 9.19ई+11 असा दिसतो. तसाच पुन्हा सीएसव्हीत सेव्ह केलात तर मधले आकडे कायमचे गेले. फाइल आयात करताना नंबरच्या रकान्याला ‘टेक्स्ट’ सांगा. छापायला चारच रकाने ठेवा: नाव, नंबर, गाव-पत्ता आणि नातं. रोमन नावं आधी आणि देवनागरी नावं नंतर येतात, तेव्हा छापण्यापूर्वी एकच लिपी करून घ्या.

‘नातं’ हा रकाना मी मुद्दाम सांगतोय. आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी माणसं. इंदूरला, बडोद्याला, बेंगळुरूला घरातला कर्ता माणूस अचानक गेला, की फोन असतो, पण तो उघडणारं बोट नसतं. साताऱ्याच्या आत्याला कळवायचं कसं? आणि फोन उघडला तरी त्यात ‘बंडू 2’ म्हणजे कोण, हे सांगणारा गेलेला असतो. ज्यांनी दहाव्याला यायला हवं होतं, त्यांना दोन महिन्यांनी कळतं. अशी घरं मी पाहिली आहेत. तिथे कमी पडलं ते यंत्र नव्हे, चार पानं कमी पडली.

एक सावधगिरी. या यादीत दुसऱ्यांचे नंबर आहेत. ती कपाटात, रेशनकार्ड आणि विम्याच्या कागदांसोबत राहू द्या. तिचा फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका. घरातल्या दोघांना जागा ठाऊक असली की पुरे. आणि पहिल्या पानावर छापल्याची तारीख घाला, म्हणजे पुढच्या वर्षी जुनी पानं कुठली ते कळेल.

पुढच्या भागात आपण पोस्टाच्या पिनकोडकडे वळू. तोवर पत्त्याचा रकाना भरायला घ्या.