मोहफूल (भंडारा जिल्हा)

बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप वेलीला फुलोऱ्यासाठी उन्हाळ्यात लांब दिवस लागतात. सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावरील भंडाऱ्यात तेवढे लांब दिवस मिळत नाहीत. इथे घरगुती मद्याचा आधार आहे मोहाचे झाड. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारी मांसल, गोड फुले कुटुंबे उजाडताच वेचतात आणि उन्हात वाळवतात. ती भिजवून आंबवतात व भट्टीवर ऊर्ध्वपातन करून दारू काढतात. म्हणजे हे पेय बिअरसारखे केवळ आंबवलेले नसते. पण फुलाची ओळख दारूपुरती मर्यादित ठेवणे हा अन्यायच आहे. मोहफूल आधी अन्न आहे: ते भाजून, शिजवून खातात, गुरांनाही घालतात.

१९४९च्या दारूबंदी कायद्याखाली या फुलाच्या साठवणुकीवर व वाहतुकीवर निर्बंध होते. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वननिवासींची मालकी मानली, तरी हे निर्बंध राज्याने शिथिल केले ते २०२१मध्ये. मोकळीक दिल्याने हातभट्ट्या वाढतील, हा आक्षेप गंभीर आहे. व्यसनाचा भार घरातल्या बायकांवर पडतो. मात्र विनापरवाना दारू गाळण्यावरील बंदी कायमच आहे, आणि गुळावरही हातभट्टी चालते. म्हणजे केवळ फूल रोखून हातभट्टी थांबत नाही. खरी काळजी वेगळी आहे: वेचणी सोपी व्हावी म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, त्यातून वणवे लागतात. पाला झाडून घेतला किंवा झाडाखाली जाळी अंथरली, तर फूल स्वच्छ राहते आणि जंगलही वाचते.