रस्त्याचे अंगण : डेल्फ्ट, मुले आणि मोटार

भारतातून पाहुणे आले की डेल्फ्टची फेरी ठरलेली. मार्क्टवर फोटो, निळ्या-पांढऱ्या चिनी मातीची थोडी खरेदी, नव्या चर्चच्या मनोऱ्याच्या पायऱ्या चढताना लागलेली धाप, आणि कुणाचा मुलगा किंवा मुलगी इथे शिकायला येणार असेल तर टीयू डेल्फ्टच्या आवारात एक चक्कर. मी स्वतः या विद्यापीठात एमएससी करायला आलो आणि सॉफ्टवेअरच्या धंद्यात पडून इथलाच झालो, त्यामुळे ही फेरी मला पाठ आहे. पण या गावाने जगाला दिलेली एक मोठी गोष्ट कुठल्याच फेरीत दाखवली जात नाही. त्याला तिकीट नाही, दरवाजा नाही. आहे ती फक्त एक निळी पाटी : एक घर, एक मोठा माणूस, चेंडू खेळणारे एक मूल आणि एक मोटार. आपल्यापैकी अनेकजण रोज या पाटीखालून गाडी नेतात. तिच्यामागे काय इतिहास आहे, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

फर्मीरची आत्या आणि गल्लीतली पोरे

सुरुवात साडेतीनशे वर्षे मागून करू. योहानेस फर्मीर हा डेल्फ्टचा जगप्रसिद्ध चित्रकार. त्याचे 'छोटी गल्ली' हे चित्र साधारण १६५८ सालचे, आज आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. चित्रात विटांचे एक जुने घर, दारात शिवणकाम करणारी बाई, बोळात काम करणारी दुसरी बाई, आणि घरासमोरच्या फरशीवर गुडघे टेकून खेळात गुंग झालेली दोन मुले. ही जागा नेमकी कुठली, यावर अभ्यासकांत बरीच वर्षे वाद होता. २०१५ साली आम्स्टरडॅम विद्यापीठातील प्राध्यापक फ्रान्स ग्राइझनहाउट यांनी १६६७ सालच्या डेल्फ्टच्या कर-नोंदवहीतली मापे ताडून पाहिली आणि ते घर आजच्या फ्लामिंगस्ट्राटवरील ४०-४२ क्रमांकाच्या जागी होते असे दाखवून दिले. घर फर्मीरच्या सावत्र आत्याचे. ती विधवा होती, वजडी विकून तिने पाच मुले वाढवली. आपल्याकडच्या एखाद्या पेठेत शोभावी अशी ही बाई!

त्याच शतकात हॉलंडमध्ये, डेल्फ्टसकट, घरातल्या भिंतींसाठी ज्या फरशा बनत, त्यांत 'मुलांचे खेळ' हा अतिशय आवडता विषय होता. भोवरा फिरवणारा मुलगा, काठीने चाक पळवणारा दुसरा, एकमेकांच्या पाठीवरून उड्या मारणारी पोरे. हाडांचे तुकडे उडवून झेलण्याचा 'बिकलन' नावाचा खेळ तर आपल्या सागरगोट्यांचा सख्खा भाऊ. मुद्दा असा की फर्मीरच्या काळात आणि पुढेही कित्येक पिढ्या रस्ता ही मुलांची जागा होती. गाड्या होत्या, पण घोड्याच्या. त्या येताना ऐकू येत आणि बाजूला व्हायला वेळ मिळे.

पंचवीस लाख मोटारी

हे चित्र बदलले ते दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि फार झपाट्याने. १९५० साली नेदरलँड्समध्ये दीड लाखाच्या आत मोटारी होत्या. १९७० साली त्या पंचवीस लाखांच्या आसपास गेल्या. नोकरदार माणसालाही मोटार परवडू लागली आणि उन्हाळ्यात टपावर तंबू बांधून किंवा मागे कॅरावान जोडून सहकुटुंब दक्षिणेकडे निघायची डच प्रथा रुजली. मागच्या सीटवर तीन-चार मुले, मधल्या खाचेत उभे राहून पुढे डोकावणारे एखादे, आणि पट्टा कुणालाच नाही. स्वीडनच्या निल्स बोलिन यांनी तीन जागी अडकणारा पट्टा १९५९ सालीच व्होल्वो कंपनीत तयार केला होता. पण इथे नव्या गाड्यांत पुढच्या सीटसाठी पट्टा बसवणे सक्तीचे झाले १९७१ मध्ये, तो लावणे सक्तीचे झाले १९७५ मध्ये, आणि मागच्या सीटवरची सक्ती यायला १९९२ साल उजाडले.

या मोटारींची किंमत मुलांनी मोजली. १९७१ साली या सुमारे एक कोटी तीस लाखांच्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. म्हणजे रोज एकाहून जास्त मूल. बरीचशी शाळेत चाललेली, सायकलवर किंवा पायी.

त्यांतली एक होती फिक लांगनहोफ या पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी. १९७१ साली ब्राबांतमधल्या हेल्फोइर्त गावात शाळेला जाताना ती गेली. पुढच्या वर्षी लांगनहोफ यांनी 'द टाइड' या वृत्तपत्रात लेख लिहिला. मथळा होता 'बालहत्या थांबवा'. 'अपघात' हा शब्द त्यांनी मुद्दाम टाळला, कारण अपघात म्हटले की कुणाचीच जबाबदारी उरत नाही. या मथळ्याच्याच नावाची संघटना उभी राहिली. मार्त्ये फान पुतन ही तरुण आई तिची पहिली अध्यक्ष झाली, जी पुढे युरोपीय संसदेत गेली. आम्स्टरडॅमच्या द पाइप वस्तीतली मुले तर आधीच रस्ता अडवून खेळायला जागा मागत होती. १९७३ च्या तेलसंकटात सरकारने रविवारी मोटारबंदी केली. पहिला असा रविवार होता ४ नोव्हेंबर १९७३. त्या दिवशी महामार्गांवर लोक चालले, मुले रोलर स्केट्स घालून पळाली. रस्ता मोकळा असला तर कसा दिसतो, हे सगळ्या देशाने डोळ्यांनी पाहिले.

'वोनएर्फ' म्हणजे राहते अंगण

डेल्फ्टमध्ये मात्र काम याआधीच सुरू झाले होते. योस्ट वाल हे महापालिकेतले अभियंते. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वस्तीतल्या अरुंद रस्त्यांवर वेगळाच प्रयोग केला. तोपर्यंतचा शहाणपणा असा की गाड्या एका बाजूला, माणसे फुटपाथवर, आणि मुलांना शिकवायचे : 'रस्त्यावर खेळू नकोस.' वाल यांच्या मंडळींनी प्रश्न उलटा केला. मुले रस्त्यावर येणारच. मग रस्ताच असा बांधला तर, की गाडीवाल्याला जोरात जाताच येणार नाही?

त्यांनी फुटपाथ आणि रस्ता यांतली उंचीची पायरी काढून टाकली. सरळ रस्त्याला वळणे दिली. मध्ये झाड, कुंडी, बाक, तिरकी पार्किंगची जागा ठेवली. डांबराऐवजी विटा घातल्या. कुठे उंचवटे केले. गाडी येऊ शकते, पण पाहुण्यासारखी, जपून. या कल्पनेला 'वोनएर्फ' हे नाव नीक दे बूर या नगररचनाकारांनी दिले, ज्यांनी उत्तरेकडच्या एमन गावात अशाच विचाराने नव्या वस्त्या आखल्या होत्या. 'वोनन' म्हणजे राहणे आणि 'एर्फ' म्हणजे घराभोवतीची मोकळी जागा. याला मराठीत अगदी चपखल शब्द आहे : अंगण. डेल्फ्टचा फरक हा की इथे ही कल्पना नव्या वसाहतीपुरती न राहता जुन्या, दाटीवाटीच्या, कामगारवस्तीच्या रस्त्यांतही उतरवली गेली. पुढे तांतहोफसारखी नवी उपनगरे तर पूर्ण याच विचाराने आखली गेली.

१९७६ साली डच सरकारने वोनएर्फला कायद्यात जागा दिली. नियम थोडेच, पण मुळावर घाव घालणारे. पायी चालणारा रस्त्याची पूर्ण रुंदी वापरू शकतो. मुले रस्त्यावर खेळू शकतात. गाडीने माणसाच्या चालीने जायचे, म्हणजे ताशी १५ किलोमीटरपेक्षा जास्त नाही. पार्किंग फक्त खुणेच्या जागी. जर्मनीने १९८० साली हीच कल्पना आपल्या कायद्यात घेतली, नंतर ब्रिटनने 'होम झोन' केले, आणि घर-माणूस-मूल-मोटार ही पाटी निरनिराळ्या रूपांत युरोपभर पोहोचली.

आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचे तर, युझर वारंवार एकच चूक करत असेल तर त्याला ट्रेनिंग देत बसू नका, स्क्रीन बदला. पाच वर्षांचे मूल चेंडूमागे धावणारच, ती त्याची चूक नव्हे. आता साधे गणित करा. ताशी ५० ने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते, ताशी १५ ने जाणारी ४ मीटर. चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातोच. आणि धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने पन्नासच्या गाडीत ती पंधराच्या गाडीपेक्षा अकरा पट असते. या अकरा पटीत मूल जगते की जाते, ते ठरते.

अर्थात सगळे श्रेय एकट्या वोनएर्फचे नाही. असे रस्ते बांधणे खर्चिक होते, म्हणून १९८० च्या दशकात ताशी ३० किलोमीटरच्या वस्त्यांचा स्वस्त मार्ग निघाला. डेल्फ्टने त्याच दशकात गावभर सलग सायकलमार्गांचे जाळे विणले. १९९७ पासून 'शाश्वत सुरक्षा' हे देशाचे धोरण झाले. पट्टे आले, हेडरेस्ट आले, गाड्या सुधारल्या. या सगळ्याचा मिळून परिणाम असा की २०१० साली रस्त्यावर गेलेल्या मुलांची संख्या १४ वर आली. चारशेवरून चौदा! २०२३ साली सर्व वयांचे मिळून ६८४ मृत्यू झाले. सायकलवरचे वयस्कर लोक ही आता इथली नवी काळजी आहे.

अंगण चाकांवर

आता तुम्ही म्हणाल, आम्ही तर सुट्टीत पॅरिसला, ब्लॅक फॉरेस्टला गाडीने निघतो, तिथे हे अंगण कुठून आणायचे? पण तत्त्व तेच आहे. मुलाला 'नीट बस' सांगत राहण्यापेक्षा त्याची जागाच नीट करायची. नेदरलँड्समध्ये १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला मान्यताप्राप्त सीट लागते. जर्मनीत बारा वर्षांखालच्या आणि दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांसाठी हाच नियम आहे. म्हणजे १.४० मीटरचा दहा वर्षांचा बंडू डेल्फ्टमध्ये मोकळा, पण सीमा ओलांडली की त्याला पुन्हा बूस्टर. 'आर-१२९' या नव्या प्रमाणाच्या सीटमध्ये बाळाला निदान पंधरा महिन्यांपर्यंत मागे तोंड करूनच बसवावे लागते. भारतातून येताना आणलेल्या सीटवर युरोपचे मान्यतेचे लेबल आहे का, ते जरूर पाहा.

आणि आजी-आजोबा आले की ठरलेला संवाद : "अगं, रडतंय ते, घे की मांडीवर. तुम्हाला नाही का आम्ही फियाटमध्ये आठ-आठ जण कोंबून महाबळेश्वरला नेलं?" त्यांच्या मायेला तोड नाही. पण ताशी पन्नासच्या धडकेत दहा किलोचे बाळ काही क्षण कित्येकशे किलोंच्या जोराने पुढे झेपावते. ते कुणाच्याही हातांत राहत नाही, आईच्याही नाही. फियाटमधून आपण सुखरूप पोहोचलो, म्हणून आज गोष्ट सांगायला आहोत. जे पोहोचले नाहीत, त्यांची बाजू कुणी सांगत नाही.

रडे थांबवायला मात्र उपाय आहेत, आणि टॅब्लेटच्या आधीचेही आहेत. दर दोन तासांनी थांबा. फ्रान्सच्या महामार्गांवर विश्रांतीस्थळे जवळजवळ आहेत आणि अनेक ठिकाणी घसरगुंडीही असते. गाण्यांच्या भेंड्या तर आहेतच, गावांच्या नावांच्याही भेंड्या लावा : डेल्फ्ट, टिलबर्ग, गौडा, डोर्ड्रेख्त... मराठी अक्षरांनी खेळताना मुलांचे 'ट' आणि 'त' आपोआप सुधारतात. आमच्याकडे नंबरप्लेटचा खेळ फार चालतो. १९७८ नंतरच्या डच पाट्यांत शब्द बनू नयेत म्हणून स्वर वापरत नाहीत. मग ती व्यंजने घ्यायची, हवे ते स्वर घालायचे आणि मराठी शब्द करायचा. 'केएलएस' आले की कळस, कलशसुद्धा! जुन्या डच पाट्यांवर १९५१ पर्यंत प्रांताचे अक्षर असे, 'एच' म्हणजे दक्षिण हॉलंड. आपल्या 'एमएच-१२ म्हणजे पुणे' सारखेच, हे मुलांना सांगितले की इतिहासाचा तास फुकट होतो.

आपल्या गावी

भारतात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. कायदा आता आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा सीट नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. पण सोसायटीच्या गेटबाहेर मूल पाऊल टाकते, तो रस्ता कुणासाठी बांधला आहे, हा डेल्फ्टने विचारलेला प्रश्न आपल्याकडे नुकताच उमटू लागला आहे. पुणे महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्ता एक दिवस पादचाऱ्यांसाठी मोकळा केला, तेव्हा लोक त्या रस्त्याच्या मधोमध चालले. वाड्याच्या चौकात आणि चाळीच्या गॅलरीत वाढलेल्या समाजाला ही कल्पना परकी नाही. अंगण हा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे, तो फक्त उंबऱ्याबाहेर न्यायचा आहे.

पुढच्या वेळी डिसेंबरात घरी जाल, तेव्हा सामानात मुलाची सीट असू द्या. विमान कंपन्या बहुधा ती वेगळी घेतात, आधी विचारून घ्या. विमानतळावर न्यायला आलेला काका हसेल, म्हणेल, "एवढ्याशा पोराला सिंहासन?" त्याला हसू द्या, आणि पट्टा घट्ट करून मगच गाडी सुरू करायला सांगा.