महदी

वऱ्हाडच्या पश्चिम टोकाला, घाटाच्या पायथ्याशी रोहिणखेड आहे. तिथली जुनी मशीद १५८२ साली खुदावंत खान महदवी यानं बांधली. त्याच्या नावातल्या ‘महदवी’चं मूळ ‘महदी’ या अरबी शब्दात आहे. ‘हिदायत’ही त्याच धातूतून आली. हादी म्हणजे वाट दाखवणारा. महदी म्हणजे ज्याला ईश्वरानं वाट दाखवली तो.

महदी येईल आणि पृथ्वी न्यायानं भरून टाकील, असं हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, सांगते. ही हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. जौनपूरच्या सय्यद मुहम्मद (१४४३–१५०५) यांनी ‘तो महदी मीच’ असं जाहीर केलं आणि वाद पेटला. विरोधकांनी विचारलं, पृथ्वी न्यायानं भरली कुठं? अनुयायी म्हणाले, सारं जग एकमतानं मानेल, असा या वचनाचा अर्थच नाही.

पुढे निजामशाहीत जमाल खान या सरदारानं या अनुयायांच्या महदवी पंथाला राजाश्रय दिला. १५९१ मध्ये रोहिणखेडजवळच्याच लढाईत तो मारला गेला आणि तो राजाश्रयही संपला. पंथ मात्र आजही आहे. वचनांच्या अर्थाचा निवाडा तलवारीनं होत नाही. तो वाचणाऱ्यांनी, वाद घालणाऱ्यांनी, एकमेकांचं ऐकूनच करायचा असतो.